ढिशुम नसलेलं कॉमिक

खजुरी बाजारात भाचीचं गाइड शोधायला गेलो, तर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'व्ही फॉर व्हेंडेटा' हे कॉमिक सापडलं. अख्खं, एका खंडात! मग दिवसभर तेच. 1982 मध्ये एका ब्रिटिश मासिकात कृष्णधवल सुरू झालेली गोष्ट, मासिक बंद पडल्यामुळे अर्धवट राहिली आणि 1988-89 मध्ये रंगीत होऊन पुरी झाली. रंग तरी कसले, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे. पण गोष्टीतल्या हुकूमशाहीच्या लंडनला तेच शोभतात. चित्रकार डेव्हिड लॉइडने आवाजाचे शब्द आणि मनातल्या विचारांचे फुगे, दोन्ही गाळलेत. स्फोटसुद्धा मुका! वाचताना कानात दडे बसल्यासारखं होतं.

आई कॉमिकच्या नायकाचा मुखवटा बघून म्हणाली, "हसतोय कशाला हा मेला?"

चाळीसेक पानं उरलीयत. भाचीचा फोन येऊन गेला. गाइड राहिलंच.