डॉज कोणी चालवायची?

ठाण्यात मोटर ट्रेनिंग स्कूल चालवणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक ठरलेलं असतं. लग्नाआधी शिकून घ्यायची घाई असलेल्या मुली, नाहीतर लायसन्स संपलंय हे पोलिसाने पकडल्यावर कळलेले पुरुष. त्यामुळे वागळे इस्टेटमधले एक सत्तरीचे काका येऊन "ताई, मला हेवीचं लायसन्स काढून द्या" म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांनी पुढे केलेल्या फोनकडे. फोटोत होती डॉज डब्ल्यूसी-५१. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची वेपन कॅरियर, म्हणजे शस्त्रं वाहणारा छोटा ट्रक, डावीकडे स्टिअरिंग असलेली. कारखाना बंद झाल्यावर शेड रिकामी पडली आणि काकांनी ती गाडी तिथे उभी करून पुन्हा चालती केली होती. आता ती व्हिंटेज, म्हणजे जुन्या गाड्यांच्या रॅलीला न्यायची होती.

मिलिटरीचा ट्रक म्हणजे हेवी, असं त्यांना एका एजंटाने सांगितलं होतं. सोबत रेटही सांगितला होता. एजंटांना कायदा माहीत नसतो असं कोणी समजू नये. चांगला माहीत असतो, म्हणूनच रेट सांगता येतो.

लायसन्सच्या कायद्याला गाडीने कुठलं युद्ध पाहिलं याच्याशी काही देणंघेणं नाही. तो वजन विचारतो. ७५०० किलोपर्यंत एलएमव्ही, म्हणजे हलकं वाहन. ही डॉज रिकामी अडीच टनांच्या आसपास, भरली तरी साडेतीनच्या आत. खरी मेख बांधणीत होती. माल वाहायला बांधलेली गाडी ट्रान्सपोर्टमध्ये मोडते, तुम्ही भाडं मारा वा मारू नका. पण ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगून टाकलं, की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्हीच्या लायसन्सवर चालवता येते, त्यावर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे काकांच्या खिशातलं कारचं लायसन्सच पुरेसं होतं. ते ऐकून त्यांना आनंद झाला, मला नाही. काका गेली कित्येक वर्षं ऑटोमॅटिक चालवतात.

बाकीच्या कागदांचंही सांगते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, दुचाकी किंवा चारचाकी, धंद्यात नसलेली. नव्याने नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच. यात सराव कुठेच नाही! रॅलीला चालवत न्या, पण चालवायची कुठे शिकाल ते विचारू नका. शिवाय डाव्या स्टिअरिंगची गाडी चालू स्थितीतल्या सिग्नल यंत्राशिवाय सार्वजनिक ठिकाणी आणता येत नाही, ते कलम १२०. म्हणून इंडिकेटर बसवून घेतले. सगळ्यात मोठं भांडण मात्र रंगावरून झालं. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा नियम आहे. काकांनी नुकताच तोच रंग मारून घेतला होता, वर बोनेटवर पांढरा तारा. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग गाडी वाळूच्या रंगाची झाली. तारा राहिला.

सराव आम्ही त्यांच्या कारखान्याच्या आवारातच केला. तिथे हवालदार भेटले. साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंग्याजवळचे. फौजेत शक्तिमान, जोंगा, वन-टन सगळं चालवलेलं, पुढे काकांच्या कारखान्यात ड्रायव्हर, आता शेड सांभाळतात. डॉज चालती झाली ती बरीचशी त्यांच्यामुळे.

डॉजच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही. आजच्या गाडीत दात एका वेगाने फिरायला लावण्याचं काम गिअरबॉक्स स्वतः करतो. इथे ते तुमच्या पायाने करायचं. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, खालचा गिअर टाकायचा असेल तर आता अंदाजाने रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. त्याला डबल क्लच म्हणतात. रेस कमी पडली तर दात करकरतात, जास्त झाली तरी करकरतात, आणि बरोबर पडली तर दांडा दोन बोटांनी आत जातो. ते काट्यावर बघून जमत नाही, ऐकून जमतं. पहिला गिअर इतका दमदार की सपाटीला कोणी वापरतच नाही, गाडी दुसऱ्यावर उचलायची. स्टार्टर पायाने दाबायचा, डिपरसुद्धा पायाने. वडिलांनी मला त्यांच्या जुन्या लॉरीवर डबल क्लच शिकवला होता. आता माझ्या स्कूलमधल्या इन्स्ट्रक्टरांना तो शब्दही माहीत नाही. त्यांना दोष काय द्यायचा, परीक्षेत येत नाही ते कोण शिकवणार?

हवालदार गाडी आवारात फिरवत तेव्हा गिअर पडल्याचा आवाजच येत नसे. काकांचा आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत जाई. साहजिकच मी म्हटलं, रॅलीला हवालदारच चालवू देत. त्यांनी खिशातून लायसन्स काढलं. संपून वर्षाहून जास्त झालेलं. वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. रॅलीआधीची तारीख मिळाली नाही. वैध लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. "मी चालवते" म्हटलं, तर काकांचा चेहरा पडला.

रॅली मुंबईत होती. रविवारी पहाटे डाव्या सीटवर काका, उजव्या सीटवर हवालदार, मागे स्कूलच्या वॅगन आरमध्ये चारी इंडिकेटर लावून मी. तीन हात नाक्यापर्यंत सगळं ठीक. कोपरीच्या पुलाच्या चढावर पुढे टेम्पो बंद पडला आणि रांग थांबली. डॉज थांबली. सुटताना काकांनी सवयीने दुसरा शोधला, दात करकरले, गाडी माझ्याकडे सरकू लागली. मी हॉर्नवर हात ठेवला आणि रिव्हर्स टाकला. मागे बस होती.

तेवढ्यात ती जागेवर थांबली. हवालदारांनी मधला हँडब्रेक ओढला होता. नंतर कळलं, पहिला गिअरही त्यांनीच टाकला. काकांनी फक्त क्लच दाबला, "सोडा साहेब, हळू" म्हटल्यावर सोडला, आणि हवालदारांनी ब्रेक मोकळा केला. मला मागून दिसलं ते एवढंच, की डॉज गोगलगायीसारखी पण सरळ वर चढली.

तेव्हापासून मी विचार करतेय, तो पूल कायद्याच्या दृष्टीने चढवला कोणी? स्टिअरिंगवर वैध लायसन्स होतं. गाडी थांबवणारा आणि गिअर टाकणारा हात बिनलायसन्सचा. इन्शुरन्सचं काम करणाऱ्या माझ्या भावाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, काही झालं नाही ना? मग विचारू नकोस."

पुढच्या महिन्यात हवालदारांची परीक्षा झाली. आमच्याच वॅगन आरवर. डॉजवर परीक्षा घ्या असं मी गमतीने म्हटलं, तर इन्स्पेक्टर साहेबांनी नुसतं पाहिलं. ट्रॅकवर हवालदारांनी वॅगन आरला डबल क्लच मारला. साहेब म्हणाले, "क्लच दोनदा का दाबता? पायाला काही त्रास आहे का?" पास केलं.

आता दोघांकडेही तेच लायसन्स आहे, आणि काका स्टिअरिंग सोडायला तयार नाहीत. आपला हात बसलाय म्हणतात. परवा हवालदारांचा फोन आला, "मॅडम, तुम्हीच सांगा साहेबांना. पुढची रॅली लोणावळ्याला आहे."

कोणत्या नियमाने सांगू?