फॉस्फरस तपासला का?

दुखणं टाचांपासून सुरू झालं. मग बरगड्या, मग मांड्या. खाली बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना. "आई, तू अशी डुलत डुलत का चालतेस?" असं मुलीने विचारलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

तीन वर्षांत या दुखण्याला संधिवात, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि शेवटी 'मनावरचा ताण' अशी नावं मिळाली. ड जीवनसत्त्वाची पातळी औषधाने भरून आली, दुखणं मात्र तसूभरही हललं नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये तिसऱ्या मणक्यात एक डाग होता. तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका समजून सोडून दिला गेला.

मग एका हार्मोनतज्ज्ञ बाईंनी माझी जुनी फाइल चाळली आणि विचारलं, "फॉस्फरस कधी तपासला?" कधीच नाही. कॅल्शियम नॉर्मल होतं म्हणून पुढे कुणी गेलंच नव्हतं. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडांच्या आजारात रक्तात वाढणारं एन्झाइम, मात्र प्रत्येक रिपोर्टात वाढलेलं होतं. उपाशीपोटी तपासलेला रक्तातला फॉस्फरस १.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आला. मोठ्या माणसांत तो साधारण २.५ ते ४.५ असतो. लघवीतून तो वाहून चालला होता.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. या आजारात शरीरात कुठेतरी एक लहानशी गाठ असते. ती एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन बेसुमार सोडते. त्यामुळे मूत्रपिंडं फॉस्फरस बाहेर टाकतात आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूपही पुरेसं बनवत नाहीत. मग हाडात खनिज भरत नाही, हाड मऊ पडतं. साधं ड जीवनसत्त्व का लागू पडलं नाही, ते त्या दिवशी कळलं. अशी गाठ मुळात दुर्मीळ, त्यातही बहुतेकदा हातापायांत किंवा चेहऱ्याच्या हाडांत सापडते. मणक्यात क्वचितच.

गाठ सापडेपर्यंत फॉस्फेटची पावडर दिवसातून पाच वेळा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तेच सक्रिय रूप. पोट सतत बिघडलेलं असायचं, पण चालणं थोडं सुधारलं. अशा गाठी उजळून दाखवणारा गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन डोक्यापासून तळपायापर्यंत केला. बरगड्यांतली जुनी फ्रॅक्चर्सही त्यात फिकट उजळली. ठळक उजळला तो तिसरा मणका. तोच डाग! मी कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत रडत होते.

शस्त्रक्रियेचा निर्णय सोपा नव्हता. गाठीचा अंश राहिला तर आजार परत येतो. आणि पूर्ण काढायची तर मज्जातंतूंना लागून काम, शिवाय मणक्याच्या जागी आधार आणि स्क्रू. गाठ काढता येत नसेल तर एफजीएफ-२३ला रोखणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन असतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. माझी काढता येण्यासारखी होती. मी हो म्हटलं.

शस्त्रक्रियेनंतर फॉस्फरस रोज तपासत होते. पाचव्या दिवशी, पावडर बंद असताना, २.७. नर्सताईंनी आकडा दोनदा वाचून दाखवला, कारण मी दोनदा विचारला.

हाडं मात्र आपल्या वेगाने भरतात. पहिले काही महिने दुखत होतंच. मांडीच्या हाडातली भेग एक्स-रेत बुजलेली दिसायला नऊ महिने लागले. फॉस्फरस अजूनही ठरावीक काळाने तपासते, कारण गाठ वर्षांनंतरही उलटू शकते. गेल्या महिन्यात तो ३.३ होता. आता जमिनीवरून हात न टेकता उठते.