टाचेतला दोरा

नातेपुत्यापर्यंत एसटीने जायचं आणि तिथून माऊलींच्या पालखीबरोबर चालायचं, याला सोलापुरात आमच्या गल्लीतल्या बायका 'अर्धी वारी' म्हणतात. म्हणोत. आळंदीपासून चालण्याएवढी रजा मला या जन्मी मिळायची नाही. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, खोबरेल तेलाची नवी बाटली. पायात नवे बूट. घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, यातून काशीला जाल." माळशिरसलाच टाच सोलवटली.

पुरंदवड्याचं रिंगण पाहिलं, असं मी घरी फोनवर सांगितलं. खरं तर पुढच्यांच्या टोप्या पाहिल्या. त्या रात्री तंबूत शेजारच्या बाईंनी पहाटे तीनला प्लॅस्टिकच्या पिशव्या उचकायला घेतल्या. एकेक, सावकाश, काहीतरी सापडेपर्यंत. संध्याकाळी हरिपाठ म्हटलेल्या तोंडाने मी त्यांना मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. सकाळी त्यांनीच मला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याचं रिंगण झालं, अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लागली, आणि ऊन लागलं. आषाढात पावसाने पाठ फिरवली की आमच्या जिल्ह्यातला रस्ता कसा तापतो ते सोलापूरकरालाच विचारा. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड, उजव्या अंगठ्याखाली दुसरा. टाळ पुढे, पखवाज पुढे, दिंडीतल्या साठीच्या मावश्या पुढे. मी मागे मागे. कोण्या पुढाऱ्याच्या स्वागताच्या फ्लेक्सखाली, त्याच्या जोडलेल्या हातांच्या सावलीत, मी दोनदा बसून घेतलं.

वेळापूरच्या अलीकडे धावा आला. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळी वारी या उतारावर धावते. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती, तुळशी डोक्यावर घेऊन, नातवंडं खांद्यावर घेऊन. मी रस्त्याच्या कडेला बूट काढून बसले आणि रडायला लागले. भक्तीने नव्हे. रागाने.

"बूट फेकून दे आधी," कुणीतरी म्हणालं.

सत्तरीच्या पुढच्या आजी. गळ्यात तुळशीची माळ, परभणीकडचं बोलणं. विचारलं नाही, सांगितलं नाही, माझा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. मी ओढायला लागले. एवढ्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय द्यायचा? "गप बस गं माय. वारीत कुणाचा पाय कुणाच्या हातात, काही हिशेब नसतो." कनवटीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, पांढरा दोरा ओवला. फोडाच्या या कडेने आत, त्या कडेने बाहेर. दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं सोडली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, वरची कातडी शाबूत राहते आणि खालच्या ओल्या मांसाला रस्ता लागत नाही. मग माझ्याच बाटलीतलं तेल घेऊन पोटऱ्या रगडायला बसल्या.

"तुझे पाय दोन दिवसात भागले. त्याचं बघ," त्या म्हणाल्या. "पलंग काढलाय त्याचा."

मला माहीत होतं, पण पाय दुसऱ्याच्या हातात असताना ऐकणं वेगळं. आषाढीच्या आधी विठोबाच्या शेजघरातून पलंग काढतात. मग शेजारती नाही, झोप नाही. चोवीस तास दर्शन, आणि उभं राहून दमेल म्हणून पाठीशी कापसाचा लोड. मी विचारलं, "पण आजी, एकादशीला तर विष्णू झोपतो ना? देवशयनी म्हणतात. चातुर्मास लागतो. मग हाच एकटा जागा कसा?" हा प्रश्न मी आदल्या दिवशी आमच्या महाराजांना विचारला होता. त्यांनी निर्गुणापासून सुरुवात केली आणि भात आला तरी सगुणापर्यंत पोचले नव्हते.

"घरी पाव्हणे आल्यावर तू झोपतीस का?" आजी म्हणाल्या. "दुसरा पाय दे."

उजव्या अंगठ्याला सुई लावता लावता सांगत होत्या. त्यांची आजीही वारीला यायची. देवळात सोडत नव्हते. चोखोबाच्या समाधीवर डोकं टेकवायचं, तिथूनच कळसाला हात जोडायचे, परत फिरायचं. "आत पहिल्यांदा माझी माय गेली. आजी तोवर नव्हती राहिली." विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून केलेलं साने गुरुजींचं 1947 सालचं उपोषण मी शाळेत शिकले होते, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. आता काय बोलावं ते सुचेना. आजींनी दोरा दातांनी तोडला आणि "रामकृष्णहरी" म्हणून उठल्या. दिंडीचा नंबर विचारायचं सुचेपर्यंत पताकांच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. तेलाची बाटलीही त्यांच्याबरोबर गेली.

वेळापुरात हे लक्षात आलं तेव्हा चिडले. नवी होती हो. मग चिडल्याची लाज वाटली. भंडीशेगावला गुडघे धरले, तेव्हा पुन्हा चिडले.

वाखरीला सगळ्या पालख्या भेटल्या. पंढरपुरात पोचलो. चंद्रभागेचं पाणी गढूळ, माणसं त्याहून दाट. दर्शनाची रांग गोपाळपूरच्या बाजूला गेलेली, आणि रजा संपलेली. एरवी इथे कुणीही गाभाऱ्यात जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवू शकतं. इतकी डोकी टेकतात की झिजेमुळे मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. मी नामदेव पायरीशी वाकले, ढकलली गेले. चोखोबांच्या समाधीपाशी मात्र यंदा जरा जास्त वेळ थांबले. मागच्या काका म्हणाले, "माऊली, चला पुढं." तिथून कळस बघितला आणि एसटी स्टँड गाठला.

घरी फोड वाळले. उजव्या पायातला दोरा आपोआप निसटला. डावा राहिला होता. ह्यांनी दोनदा कात्री आणून दिली, मी काही ना काही सांगून टाळलं. मग एक दिवस पेपरात फोटो आला: प्रक्षाळपूजा झाली, पलंग परत शेजघरात गेला, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा दाखवणार.

मी कात्री मागितली. दोरा ओढला तर जरा दुखलं.