छत्रीतली जमीन

छत्रीत काय कशाला जोडलंय आणि काय कसं हलतं एवढंच दाखवणारी आकृती काढायची तर आधी मनातल्या मनात तिचं कापड फाडून टाकायचं. मग मूठ आणि वरची शेंडी काढायची. आठ काड्यांपैकी सातही जाऊ द्यायच्या, कारण सगळ्या एकच काम करतात. एवढं झाल्यावर हाती उरतं ते चार दुव्यांचं, म्हणजे ताठ तुकड्यांचं, कुटुंब: मधली दांडी, तिच्यावर वरखाली सरकणारी नळी, एक काडी, आणि नळीपासून काडीच्या मध्यावर टेकणारा छोटा गज. यांत तीन ठिकाणी पिन, एका ठिकाणी सरकता सांधा. पिनेसाठी बारीक वर्तुळ, सरकत्या सांध्यासाठी चौकोन, बाकी सरळ रेघा. तिकिटाच्या पाठीवर मावते.

गजाच्या पिनेपलीकडे काडीचा जो लांब भाग उरतो, तो या आकृतीत काढायचं काही कारण नाही. सांध्यांमधली अंतरं तेवढी महत्त्वाची. म्हणजे आपल्याला पावसापासून वाचवणारा भाग यंत्रशास्त्राच्या लेखी फुकट लोंबतोय.

हा नाद मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ‘थिअरी ऑफ मशिन्स’ या विषयाने लावला. पुढे नोकरी बँकेत लागली, तरी डोळ्यांची खोड गेली नाही. बसचा दरवाजा दिसला की आधी त्याच्या पिना दिसतात. घरचे याला चाळे म्हणतात आणि मी वाद घालत नाही.

या आकृतीत मला सर्वांत आवडतात त्या तिरप्या बारीक रेघा. चौघांपैकी एकाला त्या मारायच्या, म्हणजे हा हलणार नाही, ही जमीन. मुंबईत जमीन कुणाच्या नशिबात असते? आकृतीत मात्र ती एकाला द्यावीच लागते, आणि कुणाला द्यायची ते ठरवणारे आपण. छत्रीत ती दांडीला मिळते. आता गंमत बघा. स्कूटरच्या इंजिनात सिलिंडर, त्यात वरखाली सरकणारा पिस्टन, गोल फिरणारा क्रँक आणि त्या दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड असतात. तीन पिना, एक सरकता सांधा. कागदावर ही हुबेहूब छत्रीच, फक्त काडीला पूर्ण गरागरा फिरायची मुभा. याच साखळीत जमीन पिस्टनच्या जागी असलेल्या दुव्याला द्या, गावाकडचा हापसा तयार होतो. क्रँकला द्या, पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ती अजब इंजिनं मिळतात, ज्यांत क्रँक गप्प उभा आणि सिलिंडरच पंख्यासकट फिरायचे. यंत्र म्हणजे सांध्यांच्या जोड्यांची साखळी, आणि कोणता दुवा पक्का धरला त्यावर यंत्र बदलतं, ही मांडणी फ्रान्झ रूलो या जर्मन अभियंत्याने १८७५च्या आपल्या पुस्तकात केली. लोखंड बघून लोखंड विसरायला शिकवणारा माणूस, असं मी त्याला मानतो.

दुवे मोजले की यंत्रात किती स्वतंत्र हालचाली शक्य आहेत याचा हिशोबही करता येतो. दुव्यांतून एक वजा करून तिनाने गुणायचं, त्यातून सांध्यांची दुप्पट वजा करायची. छत्री: ३ × ३ − २ × ४ = १. एक, म्हणजे नळी सरकवली की बाकीच्यांना स्वतःचं मत उरत नाही. नळी वर नेऊन दांडीवरचा स्प्रिंगचा खटका बसला की नळी आणि दांडी एकच झाली, सरकता सांधा मेला. उरले तीन दुवे, तीन पिना: ३ × २ − २ × ३ = ०. छत्री आता यंत्र नाही, त्रिकोण आहे. त्रिकोण हलत नाही. नरिमन पॉइंटला जुलैतला वारा तरीही तिला उलटी करतो, कारण आकृतीतले सगळे दुवे ताठ धरलेले असतात आणि काड्या स्वस्तातल्या असतात.

हे सूत्र कधीकधी चक्क खोटंही बोलतं. वाफेच्या इंजिनाची तीन चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेली असतात. हिशोब मांडला तर उत्तर शून्य येतं, म्हणजे ती गाडी जागची हलू नये. चाकं सारखी आणि अंतरं नेमकी जुळलेली असल्यामुळे ती खुशाल धावते. सूत्राला मोजता येतं, मापं बघता येत नाहीत.

मापं कशी बघायची हे गणपतीत मंडळांच्या हलत्या देखाव्यांमागे जाऊन बघावं. पुढे भीमाची गदा वरखाली होते. मागे प्लायवुड, लोंबत्या वायरी आणि गाडीच्या वायपरची मोटर. मोटरवर लोखंडी पट्टी, तिला ओळीने पाडलेली भोकं. एका भोकातून दांडी निघते ती थेट भीमाच्या कोपराला. गदा जास्त उचलायची तर पिन बाहेरच्या भोकात. इथेही दुवे चारच: पट्टी हा क्रँक, दांडी, भीमाचा हात आणि मागचं प्लायवुड. आमचं पुस्तक सांगतं की सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दुव्याच्या लांबीची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त झाली, तर क्रँक पूर्ण फेरा मारूच शकत नाही. मागे उकिडवा बसलेला कारागीर बेरीज करत नाही. तो पट्टी हाताने एकदा फिरवून बघतो, अडकली की एक शिवी हासडतो आणि पिन एक भोक आत घेतो.