दादर, पहाटे साडेपाच

आज फुलबाजारात गेले होते. कॅमेऱ्याला ३५ एमएमची लेन्स, म्हणजे झूम नाही. जवळचं हवं तर पायांनीच पुढे सरकायचं आणि त्या गर्दीत ते किती जमतं ते दादरकरांना ठाऊक आहेच. केशवसुत पुलाखाली एक मावशी झेंडू ओवत होत्या. बोटं पिवळीधम्मक, सुई दातांत, शेजारी साय धरलेला चहा. मी कॅमेरा वर केला तर म्हणाल्या, "फोटो मागनं काढ गं, आधी ती टोपली सरकव, पाय अडकेल तुझा."

सरकवली. तेवढ्यात मावशी पाठ फिरवून गिऱ्हाईकाशी पावकिलोवरून हुज्जत घालायला लागल्या. गेला फोटो!

घरी येऊन पाहिलं, ६४ पैकी बरा एकच. टोपलीचा. तोही जरासा हललेला.