टिंबाआधीचं शून्य

माझ्या सहावीच्या गणिताच्या वहीत एका पानावर लाल पेनाने काढलेली चौदा शून्यं आहेत. आईने ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा चेहराच पडला. चौदा गणितं आणि चौदाही चुकली, असं तिला वाटलं. खरं तर सगळी उत्तरं बरोबर होती. मी .५, .२५, .७५ असं लिहून मोकळी झाले होते आणि बाईंनी प्रत्येक टिंबाच्या डावीकडे एकेक शून्य बसवून दिलं होतं. खाली शेरा होता : ‘टिंब एकटं सोडू नये.’

शाळेच्या या स्मरणिकेत बाकीचे जण स्नेहसंमेलनं, सहली, छड्या यांबद्दल लिहितीलच. मला आठवतात त्या गणिताच्या बाई, आणि त्यातही दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारीचे ते दोन-अडीच महिने.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ०.५ आणि ०.३५. मोठी कोणती? जवळजवळ सगळ्या वर्गाने ०.३५ ला हात वर केले. माझा तर सगळ्यात आधी. पस्तीस पाचापेक्षा मोठे, त्यात विचार कसला करायचा? बाईंनी कुणाला चूक म्हटलं नाही. खडू घेऊन त्या एक मोठा चौरस काढायला लागल्या. उभ्या रेघा, आडव्या रेघा, सगळं पट्टीने. मधेच विचारलं, “एका बाजूला दहा भाग हवेत, तर आत रेघा किती मारू?” आम्ही ओरडलो, “दहा!” त्यांनी खरंच दहा मारल्या आणि भाग निघाले अकरा. मग एक पुसली. तो चौरस पुरा व्हायला अर्धा तास गेला आणि तेवढ्यात आम्ही कुजबुजून घेतलं ते वेगळंच.

शंभर घरं झाली. ०.५ म्हणजे दहातले पाच उभे पट्टे; ते रंगवले, अर्धा चौरस भरला. ०.३५ म्हणजे तीन पट्टे आणि वर पाच सुटी घरं. आता विचारायची गरजच उरली नव्हती. “यापुढे ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या, “‘तीन पाच’ म्हणायचं. पस्तीस म्हटलंत की मोठं वाटणारच.” चूक डोक्यात नव्हती, वाचण्यात होती, हे मला त्या वेळी कळलं नाही. आता हाताखालच्या मुलींना शिकवताना रोज कळतं.

मग बेरीज. २.५ आणि ०.७५ मिळवायला एका मुलाला फळ्याजवळ बोलावलं. त्याने सवयीने उजवी कड जुळवली, पंचवीस आणि पंच्याहत्तर शंभर, आणि टिंब देऊन उत्तर लिहिलं १.००. बाई गंभीरपणे म्हणाल्या, “अडीच होते, त्यात पाऊण घातला आणि एकच उरला. मधे चोरी झाली की काय रे?” वर्ग खो खो हसला. तो मुलगाही हसला आणि पुसून स्वतःच ३.२५ करून गेला. टिंबाखाली टिंब हा नियम वहीत दुसऱ्या दिवशी उतरला, पण पाठ झाला तो त्या चोरीमुळे.

त्यांची खरी खुबी होती ती अशी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळं आम्ही बोलतच होतो. साडेतिनाला औट म्हणतात हेही कुणाकुणाला आजीकडून माहीत होतं. तोंडात होतं, फक्त वहीत येत नव्हतं. ०.५ ला ०.५ ने गुणलं की ०.२५ येतं यावर आमचा अजिबात विश्वास बसेना. गुणलं की वाढतं, हे आम्ही पहिलीपासून ऐकलेलं. बाईंनी एवढंच विचारलं, “अर्ध्याचं अर्धं किती?” पाव. “मग भांडता कशाला?” भागाकाराच्या वेळी हेच उलट झालं, ६ ला ०.५ ने भागलं की १२. सहात अर्धे किती बसतात ते बोटांवर मोजून पाहिलं तेव्हा कुठे पटलं.

शेकडेवारीला आलो तेव्हा बाईंनी पुन्हा तोच शंभर घरांचा चौरस काढला. या वेळी रेघा नऊच. “नवीन काही शिकवत नाहीये,” म्हणाल्या. ०.३५ म्हणजेच ३५ शतांश म्हणजेच ३५ टक्के. नवीन होता तो त्यांचा प्रश्न, “कशाचे?” कुणी टक्के म्हणायचा अवकाश, बाईंचं “कशाचे?” आलंच. मला एका चाचणीत ६० पैकी ४१ मिळाले होते आणि शेजारणीला दुसऱ्या चाचणीत २५ पैकी १८. मी दिवसभर तोऱ्यात. बाईंनी दोन्ही शंभरावर आणायला लावले. तिचे ७२ टक्के, माझे ६८.३३, आणि ते तीन कुठे संपतच नव्हते. १०० मध्ये २० टक्के वाढवून मग २० टक्के कमी केले तर ९६ का उरतात, हेही त्याच ‘कशाचे’मधून सुटलं. वाढवताना १०० चे वीस टक्के, कमी करताना १२० चे.

एकदा मात्र बाईच थबकल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, “७५ चे ४ टक्के आणि ४ चे ७५ टक्के सारखेच येतात.” दोन्ही ३. बाई क्षणभर फळ्याकडे बघत राहिल्या, मग दोन्ही उदाहरणं एकाखाली एक मांडली. दोन्हीकडे ४ गुणिले ७५, भागिले १००. “हे मी कधी शिकवलं नव्हतं हं,” असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या मुलाचे कान लाल झालेले मला अजून दिसतात.

या टिंबाला यायला किती उशीर झाला ते मी फार पुढे वाचलं. शून्याच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच लिहिले, पण दशांश युरोपात रुजले ते सायमन स्टेविन या गणितज्ञाच्या १५८५ च्या छोट्याशा पुस्तिकेनंतर. त्यातही टिंब नव्हतं. प्रत्येक अंकापुढे तो वर्तुळात ०, १, २ असे क्रमांक लिहायचा. आमच्या वर्गाला ती पद्धत असती तर बाईंचं लाल पेन महिन्याला संपलं असतं.

मी पुढे नर्सिंगला गेले. शिकाऊ असताना एका तक्त्यावर मी ‘.५ मिलिग्रॅम’ लिहिलं. कागदावर छापील रेघा होत्या आणि माझं टिंब नेमकं रेघेवर पडून दिसेनासं झालं. सीनियर सिस्टरनी तक्ता माझ्यासमोर धरला, “हे अर्धा आहे की पाच?” औषध अजून द्यायचं होतं म्हणून निभावलं. दहापटीची चूक एका टिंबाएवढी असते. तिथला नियम असा : एकाहून कमी असेल तर टिंबाआधी शून्य हवंच, आणि पूर्ण संख्येपुढे टिंब-शून्य मुळीच नको, कारण ५.० चं टिंब पुसट झालं की ५० होतात. गंमत म्हणजे शाळेत विज्ञानाच्या सरांनी ५ सेंटिमीटर आणि ५.० सेंटिमीटर यांतला फरक सांगून नेमकं ते शून्य लिहायला लावलं होतं. मोजमापात ते बरोबरच होतं. वॉर्डात नाही.

आणि ‘कशाचे?’ तर पावलोपावली. ०.९ टक्के सलाईन म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, म्हणून ५०० च्या बाटलीत ४.५ ग्रॅम. २ टक्के औषध म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. मुली इथे हमखास अडखळतात, कारण ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना टिंब तीन घरं सरकवावं लागतं. पेशंटचे नातेवाईक विचारतात, “सिस्टर, ऑक्सिजन पंच्याण्णव टक्के दाखवतंय, म्हणजे पाच टक्के कमी पडतोय का हो?” मग समजवावं लागतं, की हे हवेतल्या ऑक्सिजनचे टक्के नव्हेत, तो साधारण २१ टक्केच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती भागाने ऑक्सिजन धरलाय, त्याचे हे टक्के.

हे लिहायला बसण्याआधी ती वही शोधून काढली. लाल शून्यं मोजली, चौदाच आहेत. पण पानाच्या अगदी तळाशी, समासाला चिकटून, एक .७५ तसंच राहिलंय. बाईंच्या नजरेतून सुटलं.