कराडपर्यंत

पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची आहे, डोक्यावर केस नसले तरी. फाटकावरच्या पोराला मी टक्कल दाखवलं. तो म्हणाला, "काका, नियम आहे." मग निळी रबरी टोपी विकत घेतली, ओढूनताणून चढवली. आरशात पाहिलं तर नारळाला फुगा घातल्यासारखं दिसत होतं.

पाठवलं गुडघ्याच्या डॉक्टरांनी. "चालणं जरा कमी करा. पोहायला येतं ना?" येतं ना म्हणजे काय! सांगलीत कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? त्याच तोऱ्यात पाण्यात उतरलो. तलाव २५ मीटरचा. पलीकडची भिंत हाताला लागली तेव्हा कान वाजत होते आणि तोरा बहुतेक मधेच कुठंतरी बुडाला होता.

फेऱ्या मोजणं मला कधीच जमलं नाही. पाचवी की सहावी असा वाद निघतो आणि निकाल मी दरवेळी माझ्याच बाजूनं देतो. म्हणून स्टेशनं धरली. सांगलीहून सुटायचं. पहिली भिंत नांद्रे, मग भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, भवानीनगर, शेणोली, कराड. लहानपणी मामाकडे कराडला जायचो ते पॅसेंजरनं, त्यामुळे हा क्रम झोपेतसुद्धा चुकत नाही. आई पोळीभाजीचा डबा किर्लोस्करवाडीलाच सोडायची. आधी मागितला तर "अजून भिलवडी तरी आली का?" एवढंच. आताही तिसऱ्या भिंतीला पोटात खड्डा पडतो. पोहण्यानं भूक लागते म्हणतात, पण माझी भूक वेळापत्रकानं चालते.

पॅसेंजरचा खरा गुण म्हणजे क्रॉसिंग. एकेरी रूळ. गाडी कुठल्या तरी स्टेशनात अर्धा अर्धा तास उभी. कुणी त्रागा करायचं नाही. लोक खाली उतरून तंबाखू मळायचे. "क्रॉसिंग आहे" म्हटलं की विषय संपला. मी भिंत धरून उभा असतो तेव्हा दमलेला नसतो, क्रॉसिंगला थांबलेला असतो. शेजारच्या पट्ट्यातून सातवी-आठवीतली एक मुलगी महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी धडधडत जाते. तिला आधी जाऊ द्यायचं, मग आपला सिग्नल. रूळ दुहेरी झाले तशी रेल्वेतली ही सोय गेली. तलावात अजून आहे.

पेठेला स्टेशन नाही, नाहीतर एक भिंत तिच्या नावानं ठेवली असती. आपल्या वाळवे तालुक्यातलं पेठ, मुरलीकांत पेटकरांचं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्याआधी ते मुष्टियोद्धे. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून सुवर्णपदक आणलं, ३७.३३ सेकंदांत. तेवढ्या वेळात मी नांद्रे गाठतो आणि तिथं क्रॉसिंग लागतं. आणि माझी तक्रार काय, तर गुडघा.

नव्या शिक्षकानं माझ्यात दोन खोडी काढल्या. एक, मी डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो. नदीत सगळे तसेच पोहतात, समोरून काय वाहत येतंय ते दिसायला नको? दुसरी खोड त्याला कळेना. मी सरळ जात नाही. जाताना उजवीकडची दोरी घासतो, येताना डावीकडची. म्हणजे एकच दोरी, कपडे बदलायच्या खोल्यांकडची. "काका, एक हात कमी पडतोय का?" तो म्हणाला. मी हो म्हणालो.

हात कमी पडत नाही. आमचे चुलते, नाना, आम्हाला पलीकडे सांगलवाडीला न्यायचे. त्या काठावर एक वाकडी बाभळ होती. तिच्यापाशी निघायचं तर तिच्याकडं बघायचं नाही, वरच्या अंगाला उसाच्या फडाकडं तोंड करून हात मारत राहायचं. पाणी आपोआप बाभळीला आणून सोडतं. "बाभळीकडं बघशील तर हरिपूरला निघशील," नाना म्हणायचे. पहिल्या खेपेला मी बाभळीकडंच बघितलं. हरिपूर नाही गाठलं, पण बाभळ पार वर राहिली आणि मी लव्हाळ्यात. मग ओल्या चड्डीवर, पोटरीएवढ्या गाळातून काठाकाठानं परत वर. एक बाई धुणं आपटत होती. "कुणाचं रं तू? हिकडं कुठं?" वाहत आलो म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "फिरायला." ती धुणं थांबवून माझ्याकडं बघत राहिली. घरी येऊन नानांनी भडंगाची परात पुढं ठेवली आणि हा प्रसंग पुढची वीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितला.

तर त्या नदीची ओढ अंगात बसली आहे. तलावात ओढ नाही हे मला कळतं, खांद्यांना कळत नाही. त्यांच्या मते कपडे बदलायच्या खोल्यांच्या पलीकडे कराड आहे.

२०१९च्या ऑगस्टात तीच नदी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. तिथं ४५ फुटांना धोक्याची पातळी. आमच्या गल्लीत पाणी शिरलं. दुसऱ्या मजल्यावर बसून मी जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या मोजत होतो, आणि त्या मोजणीत मात्र एकदाही चूक झाली नाही. नानांची आरामखुर्ची गल्लीतून तिरकी होत गेली. पोहायला येणारा मी बोटीची वाट बघत होतो. त्यानंतर पाण्यात उतरलोच नव्हतो.

काल भवानीनगरला उभा होतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस शेजारी येऊन थांबली, गॉगल वर केला.

"काका, तुम्ही सारखं त्या दोरीवर का जाता?"

"चष्मा नाही ना. तू नदीत पोहलीस का गं कधी?"

"नदीत? ई! मगरी असतात."

असतात खऱ्या. आमच्या वेळीही असतील, नाना सांगायचे नाहीत.

तिला पुढं जाऊ दिलं. मग मी सुटलो. शेणोली.